पिळाचा हिशेब: टॉवरवरच्या एका फिरत्या अँटेनाचं प्रकरण

त्या रात्री 14 मेगाहर्ट्‌झच्या हौशी रेडिओ बँडवर मी एक क्षीण स्टेशन ऐकत बसलो होतो. रोटेटरच्या, म्हणजे अँटेना फिरवणाऱ्या मोटरच्या, कंट्रोल बॉक्सचा काटा 0 अंशांवर होता, म्हणजे अँटेनाचं तोंड सरळ उत्तरेला. तेवढ्यात शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर बरोबर पूर्वेकडचं एक दणदणीत स्टेशन उगवलं आणि माझं स्टेशन त्याच्याखाली गाडलं गेलं. बँडवर गर्दी असली की असं होतंच, म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं मी फिल्टर आवळत बसलो. मग लक्षात आलं की मुळात हे स्टेशन एवढं ऐकूच यायला नको. तीन एलिमेंटची, म्हणजे तीन आडव्या नळ्यांची, यागी अँटेना समोरचं उत्तम ऐकते, पाठीमागचं बरंच कमी ऐकते, आणि काटकोनात, एलिमेंटच्या टोकांच्या दिशेला, जवळजवळ बहिरी असते. तोंड उत्तरेला असेल तर पूर्व नेमकी त्या बहिऱ्या कोनात यायला हवी.

मी अँटेना हळूहळू डावीकडे फिरवायला लागलो. काटा 318 अंशांवर आला आणि ते स्टेशन विहिरीत पडावं तसं नाहीसं झालं. दोन-चार अंश पुढे-मागे केलं की पुन्हा वर यायचं. म्हणजे त्या क्षणी अँटेना खरोखर उत्तरेला पाहत होती आणि काटा तिच्या 42 अंश मागे होता. खुर्चीतून न उठता चूक मोजून झाली होती. टॉर्च घेऊन बाहेर गेलो, काटा परत 0 वर आणून वर पाहिलं, तर बूम, म्हणजे एलिमेंट पेलणारी मधली नळी, ईशान्येकडे वळलेली स्पष्ट दिसत होती.

आमच्या क्लबच्या टॉवरवर ही अँटेना चढवून तेव्हा पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत एवढी चूक कुणाच्याच लक्षात कशी आली नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर अँटेनाच्या स्वभावात आहे. तीन एलिमेंटच्या यागीचा झोत चांगला रुंद असतो: अर्ध्या शक्तीपर्यंतची रुंदी साधारण 60 ते 65 अंश. 42 अंश चुकूनही समोरचा सिग्नल साधारण 5 डेसिबलने उतरतो, म्हणजे मीटरवर एक एस-युनिटसुद्धा (6 डेसिबल) पूर्ण पडत नाही. लघुलहरींवर सिग्नल एरवीही याहून जास्त वर-खाली होत असतो. म्हणून आता माझा आग्रह असतो की अशा अँटेनाची दिशा तपासताना सिग्नल कुठे सर्वात मोठा येतो हे पाहू नये, कुठे बुडतो ते पाहावं. माथा पसरट असतो, खड्डा अरुंद असतो.

मूळ बसवणी

टॉवर 18 मीटर उंच, तीन पायांचा जाळीदार, दोन पातळ्यांवर ताणतारांनी बांधलेला. उंची विचार करून ठरवली होती. जमिनीवरून परावर्तित होणाऱ्या लहरीमुळे आडव्या अँटेनाचा पहिला झोत किती अंशांवर उठणार हे उंचीवरून ठरतं: त्या कोनाचा साइन म्हणजे तरंगलांबी भागिले उंचीची चौपट. 14.2 मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे 21 मीटर, त्यामुळे 18 मीटरवर झोत साधारण 17 अंशांवर निघतो. 10 मीटरवर तोच 30 अंशांच्या आसपास गेला असता. लांब पल्ल्यासाठी हा फरक फार मोठा आहे आणि त्या निर्णयाचा आम्हाला कधी पश्चात्ताप झाला नाही.

अँटेना तीन बँडची: 14, 21 आणि 28 मेगाहर्ट्‌झ. बूम 4.2 मीटर, सर्वात लांब एलिमेंट 8 मीटरच्या थोडं वर, वजन 20 किलोच्या आसपास, वाऱ्याला सामोरं जाणारं क्षेत्रफळ सुमारे 0.7 चौरस मीटर. टॉवरच्या शेंड्यावरच्या पट्टीत थ्रस्ट बेअरिंग, त्याखाली सव्वा मीटरवर आतल्या पट्टीवर रोटेटर, आणि दोन्हींतून वर जाणारा मास्ट, म्हणजे अँटेना पेलणारा फिरता खांब. मास्टसाठी आम्ही हाताशी असलेला जस्ताचा मुलामा दिलेला दीड इंची पाइप वापरला. इथे पहिली गफलत झाली. नळकामाच्या पाइपचं माप बाहेरच्या व्यासाचं नसतं. ज्याला दीड इंची म्हणतात त्याचा बाहेरचा व्यास 48.3 मिलिमीटर भरतो. रोटेटरची पकड 2 इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरच्या नळीसाठी घडवलेली होती. अडीच मिलिमीटरची फट उरली. ती भरायला आम्ही एका बाजूने पत्र्याचा तुकडा सरकवला आणि बोल्ट करकचून आवळले. पाइप हलत नव्हता, तेवढ्यावर आमचं समाधान झालं.

अँटेना चढवण्याचं काम मात्र नीट झालं होतं, आणि ते सांगायला हवं, कारण अशा कामात जीव जातो तो याच टप्प्यावर. वाऱ्याचा मागमूस नसलेली सकाळ निवडली. जवळपास विजेची तार नव्हती. असती तर टॉवर तिथे उभाच केला नसता. वर एकच जण, आमचा दादा, पूर्ण अंगाचा हार्नेस घालून, दोन दोऱ्यांनी बांधलेला. एक दोरी सोडायची ती दुसरी अडकवल्यावरच, हा नियम त्याने एकदाही मोडला नाही. शेंड्याला जिन-पोल, म्हणजे कप्पी लावलेला तात्पुरता खांब, बांधला. खेचण्याचा दोर कप्पीवरून खाली येऊन टॉवरच्या पायथ्याच्या दुसऱ्या कप्पीतून आडवा निघायचा, म्हणजे खेचणारे लोक टॉवरखाली उभे राहत नव्हते. बूमच्या दोन्ही टोकांना दिशा धरायचे दोर. आणि खाली बोलणारा एकच.

"दादा, वरची ताणतार पार झाली का?"

"नाही अजून. डावीकडचा दोर ढिला सोड... बस. आता हळू खेचा."

"खेचतोय."

"थांबा!"

या शब्दावर सगळे थांबायचे, कारण 'थांबा' कुणीही म्हणू शकतं पण 'खेचा' फक्त वरच्याने म्हणायचं, असं आधीच ठरलं होतं. एलिमेंट ताणतारांच्या मधून तिरकं काढायला वीस मिनिटं लागली. बाकी बारा मिनिटांत अँटेना मास्टवर बसली.

जमिनीवर असतानाच अँटेना तपासून घेतली होती: रिफ्लेक्टर, म्हणजे मागचं एलिमेंट, खाली आणि बूम आकाशाकडे उभी अशा अवस्थेत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परतते त्याचं माप) पाहिला, ट्रॅपची, म्हणजे एलिमेंटवरच्या बँड वेगळे करणाऱ्या डब्यांची, पाणी निचरायची भोकं खालच्या बाजूला येतील याची खात्री केली. ही भोकं वर राहिली तर ट्रॅपमध्ये पाणी साचतं आणि पहिल्याच पावसात एखादा बँड गळतो.

पहिलं चुकीचं निदान

महिन्याभरात अँटेना अडखळायला लागली. पूर्ण फेरीला रोटेटर 60 सेकंद घेतो, म्हणजे 60 अंशांना 10 सेकंद. पण 200 ते 260 अंशांच्या पट्ट्यात तेच अंतर कापायला 17 सेकंद लागत होते आणि मोटरचा आवाज जड व्हायचा. आम्ही दोष केबलला दिला. तसं मानायला जागाही होती: कंट्रोल बॉक्सपासून रोटेटरपर्यंत 60 मीटर केबल, तार 0.75 चौरस मिलिमीटरची. तांब्याच्या अशा तारेचा रोध किलोमीटरला 23 ओहमच्या आसपास, जाऊन-येऊन 120 मीटरला पावणेतीन ओहम. मोटर 2.5 अँपिअर ओढत असेल तर 26 व्होल्टमधले जवळपास 7 वाटेतच खर्च. मोटरच्या दोन तारा 1.5 चौरस मिलिमीटरच्या केल्या, घट निम्म्यावर आली, मोटर सगळीकडेच जोमाने फिरायला लागली. त्या 60 अंशांच्या पट्ट्यातला जडपणा मात्र तसाच राहिला.

इथे आम्ही थांबून विचार करायला हवा होता. केबलमधला दोष सगळ्या दिशांना सारखाच जाणवतो. ठरावीक कोनातच जडपणा येत असेल तर तो यांत्रिक असतो, दुसरं काही असूच शकत नाही. हे वाक्य आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा केबल बदलून थोडं बरं झालं होतं आणि त्या थोड्या बऱ्याने आमची शोधबुद्धी झोपवली. आजार अर्धा बरा करणारं औषध निदानाला फार घातक, हे मी या प्रकरणात शिकलो.

काटा कुणाची दिशा सांगतो

42 अंशांची चूक सापडल्यावर पहिला संशय काट्यावर आला. बहुतेक रोटेटरमध्ये एक पोटेन्शिओमीटर असतो. रोटेटरचा फिरता भाग वळला की त्याचा सरकता बिंदू वळतो आणि तो व्होल्टेज मीटरचा काटा हलवतो. तो बिघडला तर काटा उड्या मारतो किंवा एखाद्या पट्ट्यात मरतो. आमचा काटा फिरण्याच्या दोन्ही टोकांना बरोबर टोकाची खूण दाखवत होता, मधल्या खुणाही जुळत होत्या. म्हणजे काटा खरं बोलत होता, पण तो रोटेटरबद्दल बोलत होता. रोटेटरच्या पकडीच्या वर जे काही आहे, मास्ट, बूम, एलिमेंट, त्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं. घसरण त्या पकडीच्या वर कुठेतरी झाली होती.

दोन जागा शक्य होत्या: रोटेटरची मास्टवरची पकड, किंवा बूमची मास्टवरची पकड. दुसऱ्या दिवशी दादा वर चढला. बूमच्या पट्टीवर बसवणीच्या वेळी मार्करने मारलेली रेघ जशीच्या तशी होती. मग तो रोटेटरशी आला, पकडीच्या वरचा मळ फडक्याने पुसला आणि काही वेळ काहीच बोलला नाही. नंतर फोनवर फोटो आला.

पाइपच्या करड्या जस्तावर, पकडीच्या कडेला लागून, नाण्याच्या कडेसारखा चकचकीत पट्टा उमटला होता. रुंदीला जेमतेम दोन मिलिमीटर. जवळून पाहिल्यावर तो सलग नव्हता. त्यात पाच-सहा पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरीच्या टोकाला जस्ताचा बारीक चुरा साठलेला. लवचिक पट्टीने त्याची लांबी मोजली ती 18 मिलिमीटरला किंचित कमी भरली. पाइपचा परीघ 151.7 मिलिमीटर, त्यातले 42 अंश म्हणजे 17.7 मिलिमीटर. सगळीच्या सगळी चूक त्या पट्ट्यात होती. पायऱ्या सांगत होत्या की हे एका वादळाचं काम नव्हे. मास्ट थोडा थोडा, हप्त्याहप्त्याने घसरला होता, आणि प्रत्येक वेळी एकाच दिशेने.

'एकाच दिशेने' हा या प्रकरणातला सर्वात कामाचा धागा निघाला.

पीळ आला कुठून

अँटेना बसवणारे सहसा वजनाचा आणि वाऱ्याच्या ढकलण्याचा विचार करतात. आम्हीही तेवढाच केला होता. फिरत्या अँटेनात तिसरी गोष्ट असते ती पीळ, म्हणजे टॉर्क, आणि त्याचा हिशेब आम्ही कागदावर कधी मांडलाच नव्हता. तो आता मांडला.

आधी थांबण्याचा हिसका. अँटेना हलकी असते पण पसरलेली असते. आमच्या अँटेनाचं जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरण्यातल्या बदलाला होणारा विरोध, ढोबळमानाने 100 किलोग्रॅम-वर्गमीटर येतं. मिनिटाला एक फेरी हा वेग डोळ्यांना अगदी संथ वाटतो. पण त्या वेगातली अँटेना ब्रेकने सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात थांबवली तर पकडीवर साधारण 210 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. मध्यम आकाराच्या बऱ्याच रोटेटरांचा फिरवण्याचा पीळ याच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे फिरवताना जो ताण कधीच येत नाही, तो थांबवताना दर वेळी येतो. आणि आम्ही काय करायचो? बटण सोडायचो, अँटेना अजून झोके घेत असतानाच उलट दिशेचं बटण दाबायचो. रेडिओ स्पर्धेच्या रात्री तर शंभरदा.

हा पीळ पकडीला पेलायचा असतो तो पाइपच्या त्रिज्येवर, म्हणजे अवघ्या 24 मिलिमीटरच्या हातावर. 100 न्यूटन-मीटर पेलायचे तरी पाइपच्या पृष्ठभागावर 4,100 न्यूटनांहून जास्त घर्षण हवं. सुमारे 420 किलोचं वजन पाइपच्या कडेला टांगल्यासारखं. गुळगुळीत जस्त, त्यात एका बाजूला पत्र्याचा तुकडा, त्यामुळे चारऐवजी फार तर दोन जागी खरा स्पर्श. घसरण झाली यात नवल नव्हतं.

पण थांबण्याचा हिसका दोन्ही दिशांना बसतो. त्याने मास्ट कधी इकडे, कधी तिकडे सरकला असता. एकाच दिशेची घसरण दुसरं काहीतरी घडवत होतं.

ते म्हणजे वारा, आणि त्याची रीत थोडी अनपेक्षित आहे. नळीवर वारा तिरका आला तरी जोर येतो तो नळीच्या अक्षाला काटकोनात. अक्षाच्या दिशेने जाणारा वारा नळीला फारसं ढकलत नाही. या न्यायाने एलिमेंटवरचा सगळा जोर बूमच्या दिशेने लागतो, तो मास्टमधूनच जातो आणि त्याने पीळ पडत नाही. पीळ पाडते ती बूम. बूमवर वारा आडवा लागला की मास्टच्या दोन बाजूंना दोन हात असतात, आणि ते असमान असतील तर लांब हात जिंकतो. आमची पकड बूमच्या मध्यावर नव्हती. रिफ्लेक्टर आणि बॅलन (केबल अँटेनाला जोडणारा भाग) यांच्याकडची बाजू जड, म्हणून वजनाचा तोल साधायला पकड तिकडे 30 सेंटिमीटर सरकवली होती. एक हात 1.8 मीटरचा, दुसरा 2.4 मीटरचा. 5 सेंटिमीटर जाडीच्या बूमवर ताशी 144 किलोमीटरच्या वाऱ्यात हा फरक सुमारे 74 न्यूटन-मीटरचा पीळ देतो. ताशी 90 किलोमीटरला तो 29 च्या घरात येतो, पण झोताने येणारा वारा तो सतत देत-काढत राहतो आणि पकड कुरतडली जाते.

काम संपलं की आम्ही अँटेना नेहमी उत्तरेकडे तोंड करून ठेवायचो. टॉवरवर जोराचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. लांब हात पुढचा, म्हणजे डायरेक्टर या पुढच्या एलिमेंटचा. पश्चिमेचा वारा त्याला दर वेळी पूर्वेकडे ढकलणार. घसरण नेमकी त्याच दिशेची होती. वजनाचा तोल अचूक साधताना आम्ही वाऱ्याचा तोल बिघडवला होता.

जडपणाचाही उलगडा याच पकडीत झाला. एका बाजूने भरलेल्या पत्र्यामुळे मास्टचा अक्ष रोटेटरच्या अक्षापासून मिलिमीटरभर बाजूला गेला होता. वर बेअरिंग पक्कं, खाली रोटेटर पक्का, मधला मास्ट दोघांशीही थोडा वाकडा. फिरताना तो एका पट्ट्यात बेअरिंगवर रेलायचा. त्याच पट्ट्यात मोटर जड व्हायची आणि त्याच पट्ट्यात पकडीवरचा ताणही वाढायचा.

पिन मारायची की नाही

यावर क्लबात सर्वात जास्त चर्चा झाली. एक मत साधं होतं: पकड आणि मास्ट यांच्या आरपार भोक पाडून बोल्ट घाला, घसरण्याचा प्रश्नच मिटला. अनेक ठिकाणी असं करतात आणि ते चालतंही. माझा विरोध होता, आजही आहे. पिन घातली की हिसका नाहीसा होत नाही, तो पुढे सरकतो. पकडीत जिरायचा तो आता रोटेटरच्या दातेरी चाकांवर आणि ब्रेकच्या खुंटीवर जातो. पकड घसरली तर दिशा चुकते. दात तुटले तर रोटेटर उतरवावा लागतो, आणि ब्रेक निकामी झाला तर अँटेना वाऱ्यावर मोकळी फिरून कोॲक्स, म्हणजे सिग्नलची केबल, तोडते. शिवाय पाइपला भोक म्हणजे वाकण्याच्या ताकदीत घट, आणि भोकात थोडी जरी ढिलाई राहिली की बोल्ट दर झोताला ठकठक करत भोक लांबट करतो.

जे पिनेच्या बाजूचे होते त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं: घसरणारी पकड ही सुरक्षेची झडप मानायची तर ती किती पिळाला घसरेल हे आपल्याला माहीत हवं, आणि ते कुणालाच माहीत नसतं. शेवटी ठरलं की पीळ उगमातच कमी करायचा, मग दातेरी पकड योग्य मापाच्या नळीवर बसवायची, आणि पिन मारायची नाही.

दुसरी बसवणी

मास्ट बदलला. जुन्या पाइपचा हिशेब मांडल्यावर तो तसाही ठेवण्यासारखा नव्हता. पुढे वर एक छोटी व्हीएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीची) अँटेना लावू या विचाराने आम्ही यागी बेअरिंगच्या दीड मीटर वर बसवली होती. ताशी 144 किलोमीटरच्या वाऱ्यात अँटेनावर 820 न्यूटनांच्या आसपास जोर, दीड मीटरच्या हाताने 1,235 न्यूटन-मीटरचं वाकवणं. 3.2 मिलिमीटर जाडीच्या त्या पाइपात ताण 257 मेगापास्कल निघतो आणि साधं पोलाद 250 च्या आसपास कायमचं वाकतं. म्हणजे मोठं वादळ आलं असतं तर दिशेची चूक शोधायची वेळच आली नसती. नवी नळी 50.8 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, भिंत 6 मिलिमीटर, आणि यागी बेअरिंगपासून फक्त 60 सेंटिमीटरवर. त्याच वाऱ्यात ताण 58 मेगापास्कलच्या आसपास राहतो. व्हीएचएफ अँटेनाचा बेत सोडून दिला.

वाऱ्याचा तोल साधायचा उपाय इतका साधा निघाला की हिशेब दोनदा तपासला. बूमच्या आखूड हाताच्या टोकाला तेवढ्याच व्यासाची 60 सेंटिमीटरची पोकळ ॲल्युमिनियमची नळी जोडली, टोक बंद करून. दोन्ही हात 2.4 मीटरचे झाले. वजनाचा तोल अर्धा किलोने बिघडला, तो पकडीला सहज पेलतो. एसडब्ल्यूआरमध्ये फरक दिसला नाही.

मग सरळ रेषेचं काम. पहिल्या वेळी आम्ही रोटेटर पट्टीला घट्ट आवळून वर बेअरिंग जखडलं होतं. या वेळी क्रम उलटा. आधी शेंड्यावरून ओळंबा सोडून बेअरिंग मध्यावर आणलं. मास्ट त्यातून खाली सोडला, रोटेटरचे पायाचे बोल्ट हाताने फिरतील इतके ढिले ठेवले, आणि मास्टची पकड चारही बाजूंनी सारखी, समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीने अर्धा-अर्धा आटा आवळत बसवली. मग रोटेटर एक पूर्ण फेरी फिरवला. ढिला असल्यामुळे तो पट्टीवर किंचित सरकत स्वतःची जागा शोधतो. दादा वरून सांगत होता, "अजून हलतोय... अजून... आता बसला." दुसऱ्या फेरीत तो हलला नाही, तेव्हा पायाचे बोल्ट आवळले आणि तिसरी फेरी घड्याळ लावून मोजली. 200 ते 260 अंश: 10 सेकंद. स्टेनलेस बोल्टांच्या आट्यांना न अडकण्याचं वंगण लावलं, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांत चिकटून जाम होतात आणि मग कापण्याशिवाय गत्यंतर नसतं.

पीळ रोटेटरपाशी संपत नाही, तो पट्टीतून टॉवरमध्ये आणि तिथून ताणतारांत उतरतो. एकेका पायाला एकेकच तार बांधली असेल तर ती टॉवरला झुकू देत नाही, पण पिळायला बऱ्यापैकी मोकळं सोडते. म्हणून वरच्या पातळीवर बाहेर आलेल्या हातांची चौकट लावून प्रत्येक कोपऱ्याला दोन तारा केल्या. ताण पुन्हा मोजून तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण 10 टक्क्यांवर आणला.

रोटेटरभोवतीचा कोॲक्सचा फेरा हा वेगळाच विषय. जुना फेरा उतरवून हातात घेतला तेव्हा कनेक्टरपाशी वरचं आवरण एका बाजूने पांढुरकं पडलं होतं आणि बोटाने दाबल्यावर आत पोकळ लागत होतं. तिथली जाळी तुटायला आली होती. फेरा बेतताना आम्ही अँटेना मधल्या दिशेला ठेवली नव्हती, त्यामुळे एका टोकाला तो सैल आणि दुसऱ्या टोकाला ताणलेला. या वेळी रोटेटर त्याच्या फिरण्याच्या बरोबर मध्यावर आणला, मोठा मोकळा फेरा घेतला, तो मास्टला आणि टॉवरला बांधला म्हणजे ओढ कनेक्टरवर येणार नाही, आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरवून वर बसलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहिला. कनेक्टर आपोआप एकजीव होणाऱ्या रबरी टेपने गुंडाळले. पीएल-259 जातीचा हा कनेक्टर पाणी अडवत नाही, ते काम टेपचंच.

उत्तर ठरवायला होकायंत्र वापरलं नाही. पोलादी टॉवरजवळ ते भरकटतं, आणि दूर नेलं तरी चुंबकीय उत्तर दाखवतं, जी खऱ्या उत्तरेपासून ठिकाणानुसार बरीच वेगळी असू शकते. सूर्य वापरला. स्थानिक मध्यान्हाला उभ्या काठीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण रेषेवर पडते. घड्याळातले बारा म्हणजे स्थानिक मध्यान्ह नव्हे. रेखांशाचा फरक असतो आणि शिवाय वर्षभरात सूर्य सुमारे 16 मिनिटांपर्यंत पुढे-मागे होतो. ती वेळ आधी काढून ठेवली, सावलीच्या रेषेवर दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि खालून पाहत बूम त्या दोरीला समांतर आणली. मग काटा 0 वर असताना पकड शेवटची आवळली.

फिरवण्याच्या सवयीही बदलल्या. बटण सोडल्यावर तीन सेकंद काहीही दाबायचं नाही, असा कागद कंट्रोल बॉक्सवर चिकटवला, आणि महिन्याभराने तिथे विलंब देणारं एक रिले सर्किट बसवलं, कारण स्पर्धेच्या रात्री कागद कुणी वाचत नाही. काम संपल्यावर अँटेना आता पश्चिमेकडे तोंड करून ठेवतो, बूम वाऱ्याच्या रेषेत.

पकडीवरून मास्टवर जाणारी लाल रंगाची एक उभी रेघ दादाने शेवटी ओढली, खालून दुर्बिणीतून दिसेल इतकी जाड. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणीतरी ती पाहतं आणि वहीत नोंद करतं. चौदा नोंदी झाल्या आहेत, त्यातल्या दोन मोठ्या वादळांनंतरच्या. रेघ अजून सलग आहे.